तागाचं सोवळं

खर्ड्याच्या शाळेतले नृसिंहमास्तर कोणतीही गोष्ट नुसती ऐकून सोडत नसत. लगेच अमलात आणत. त्यांच्या पत्नीला, दमयंतीबाईंना, झोप न लागण्याचं निम्मं कारण हेच होतं. उरलेलं निम्मं म्हणजे मुलीचं, सुचित्राचं, लग्न.

ते ठरलं होतं नगरच्या अंबिकाबाईंच्या मुलाशी. या अंबिकाबाई थोरल्या मुलाच्या लग्नात भरल्या पानावरून उठल्या होत्या आणि मनासारखं पदरात पडेपर्यंत पुन्हा बसल्या नव्हत्या, अशी त्यांची ख्याती. सुचित्राला पाहायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "हुंडा नको हो आम्हाला. माझं जेवण तेवढं सोवळ्यात असतं. तेही रेशमाचं नव्हे, रेशमात जीवहत्या! आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तागाचं सोवळं."

लढाईचे दिवस. साधं लुगडं रेशनवर मिळेना. आणि तागाचं सोवळं खुद्द अंबिकाबाईंनी तरी कुठं पाहिलंय, असा दमयंतीबाईंचा संशय. "बोलण्यात येऊन गेलं असेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. पण मास्तरांचे डोळे चमकले होते.

"अगं, ताग आपल्या साळूबाईच्या रानात उभा आहे. आपण सूत काढू!"

साळूबाई त्यांच्याकडे दूध घालायची. तिनं ताग ओढ्यात कुजवला, साल सोलून वाखाच्या लांब पिंगट बटा आणून दिल्या, आणि त्याला पीळ घालायला एक ढेराही दिला. लाकडी फुलीसारखा, अधांतरी गरगर फिरणारा. मास्तरांना आधी नावंच खटकली. वाखाला ते ‘वल्कतंतू’ म्हणू लागले आणि ढेऱ्याला ‘तंतुभ्रमक’. ओसरीवर येरझाऱ्या घालत, तंतुभ्रमक फिरवत, येणाऱ्याजाणाऱ्याला व्युत्पत्ती सांगत. व्युत्पत्ती जितकी लांबे तितका पीळ वाढे.

"अगं, माझा तंतुभ्रमक कुठं आहे?"

"ढेरा होय? गाईपुढं पडलाय," दमयंतीबाई आतून म्हणत.

एकदा साळूबाईनं ते सूत बोटांनी चाचपलं. "मास्तर, दावं चांगलं वळताय की."

"दावं नव्हे, साळूबाई. सोवळ्याचं सूत आहे हे."

"आगं बया! आन् नेसनार कोन?"

"आमच्या विहीणबाई."

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. "नेसवायची हाय का बांदून ठिवायची हाय?"

गावच्या कोष्ट्यानं ते सूत मागावर घ्यायला साफ नकार दिला. शेवटी गोणपाट विणणाऱ्याकडे गेलं. सोवळं आलं ते भिंतीशी उभं केलं, तर उभंच राहिलं. दमयंतीबाईंनी ते रोज दगडावर बडवलं. दगड थोडा मऊ झाल्यासारखा वाटला.

"भरल्या पानावरून उठल्या तर?" त्या कासावीस होऊन म्हणाल्या. "वऱ्हाड परत नेतील हो! माझ्या पोरीचं काय?"

"शब्द त्यांचा, वस्त्र आपलं," मास्तर शांतपणे म्हणाले.

सीमांतपूजनाचं जेवण आलं. घडी हातात घेताच अंबिकाबाईंचा चेहरा जरा पडला. पण वऱ्हाडातल्या सगळ्या बायका कौतुकानं पाहत होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट, मागं कसं फिरायचं? त्या आत जाऊन नेसून आल्या आणि पाटावर टेकल्या. म्हणजे सोवळं आधी टेकलं, मग त्या.

वरण-भाताला त्यांनी एक खांदा हलवला. मठ्ठ्याला दुसरा. जिलबी आली तेव्हा त्या अंगभर शहारत होत्या.

"अस्सल आहे ना, विहीणबाई?" मास्तरांनी दारातून विचारलं. "हे वल्कतंतू—"

"अस्सल!" अंबिकाबाई दातांवर दात दाबून म्हणाल्या. "अगदी आमच्या आजेसासूबाईंच्या सोवळ्यासारखं."

आता मागणी येणार या धास्तीत दमयंतीबाईंनी त्याच पानात दोनदा मीठ वाढलं. न राहवून त्यांनीच विचारून टाकलं, "मानपानात काही राहिलंय का? मनात ठेवू नका."

अंबिकाबाईंनी तोंड उघडलं. मुलासाठी सायकलची मागणी अगदी ओठांवर आली असावी. तेवढ्यात पाठीत काहीतरी कचकन टोचलं.

"काही नको! उद्या मुहूर्त साधा म्हणजे झालं. आणि तो मागचा भात आणा लवकर."

लग्न वेळेवर लागलं. पाठवणीच्या वेळी डोळे पुसत दमयंतीबाईंनी सुचित्राची ट्रंक पुन्हा एकदा उघडली आणि तळाशी ते सोवळं दडपून बसवलं.

"सासूबाई काही मागायला लागल्या," त्या लेकीच्या कानाशी म्हणाल्या, "की पान मांडायचं आणि प्रेमानं हे पुढं करायचं."