वेणूचे पाय

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, रामकुंडावर हात जोडून उभी राहिले तेव्हा देवालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण गेल्या आठवड्यात माझा सत्कार झाला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे.

शाल, नारळ, हार — सगळं झालं. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, वेणूबाईंना ऐकू येत नव्हतं, पण आमच्या सुभद्राबाई त्यांचे कान होत्या. काय टाळ्या पडल्या! मला वाटलं, तो नारळ उचलावा आणि त्या माणसाच्या अंगावर फेकावा. पण त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलं तेच तो बोलला. आणि सांगितलं कुणी — इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलं कोण? मीच ना?

वेणू कोण, हे आता किती जणांना आठवतं? येवल्याच्या विणकराची मुलगी. बाराव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले, वाचा तेवढी राहिली. आवाज असा, की शेवटच्या बाकावरच्या माणसाला शब्द न् शब्द पोचावा. मूकपट चालत होते तेव्हा नाशकातच तिनं पाच-सहा चित्रांत कामं केली. तिथं ऐकायचं होतं कुणाला? दिग्दर्शक रुमाल हलवायचा, ही रडायची. मागून हाक मारली की वळायची नाही, म्हणून म्हणायचे, माजली आहे. मेल्यांना एकदाही शंका आली नाही! मग सन तिसानंतर पडदा बोलायला लागला आणि त्याच लोकांनी, हिला वेळेवर बोलायला जमत नाही म्हणून, तिला घरी बसवलं. एकजण भेटायलासुद्धा आला नाही.

तेव्हा ती आमच्या नाटक मंडळीत आली. आमची नाटकं गद्य, गाणं नाही. तिच्या कानांचं फक्त मालकांना आणि मला माहीत. ओठांवरून ती बोलणं ओळखायची. पण समोरचा नट पाठ करून बोलला तर? टाळ्या पडल्या तर थांबायचं कुठवर? त्यासाठी मी. प्रत्येक नाटकात मी तिची दासी, नाहीतर सखी, नाहीतर नणंद — काहीही, पण तिच्या शेजारी. रंगभूमीवर आम्ही सगळे अनवाणी, आणि फळ्या खालून पोकळ. मी उजव्या टाचेनं ठोका दिला की तिच्या तळपायाला कळायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे तुझं वाक्य. लहानपणी माडीवर बसून खाली बापाचा माग चालू आहे की बंद, हे ती पायांनीच ओळखायची म्हणे.

लोकांना काही म्हणजे काही कळलं नाही. तीन वर्षं. वर्तमानपत्रात छापून यायचं — वेणूबाईंचं थांबणं पाहावं, किती मोजून थांबतात! ते थांबणं कुणाचं होतं? माझं. आणि माझं नाव? नाटकाच्या जाहिरातीत शेवटून दुसरं. मी नटी होते हो. मलाही लांबलचक भाषणं पाठ होती, तिची सगळी पाठ होती, कारण ठोका द्यायचा तर पाठ असावीच लागत. आंघोळ करताना मी ती म्हणायचे.

मग मुंबईहून एक बोलपटवाले येणार असं कळलं. स्वच्छ आवाजाची बाई हवी होती त्यांना. रविवारी दुपारचा खेळ ते बघणार होते. वेणूचा आनंद पोटात मावेना. सकाळी माझी वेणी घालताना म्हणाली, "मला घेतलं तर तुलाबी संगं नेईन, सुभे. तुझ्या टाचेबिगर माझं काय चालतंय?"

टाच! तीन वर्षं तिच्याजवळ राहून मी टाच झाले होते. ती प्रेमानं बोलली, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

तिसरा अंक. राजा तिच्याकडे पाठ करून शिक्षा सुनावतो आणि मग तिचं मोठं भाषण, ज्यासाठी लोक नाटकाला यायचे. राजाचं वाक्य संपलं. मी टाच उचलली — आणि खाली ठेवली नाही. वेणू उभी. चेहरा अगदी शांत. मी आहे म्हटल्यावर तिला कसली काळजी? लोकांना आधी तो अभिनयच वाटला. मग खोकले सुरू झाले. मग शिट्ट्या. ती तशीच उभी, वाट बघत. राजा घाबरून वळला, त्यानं पुन्हा वाक्य म्हटलं, तिनं त्याचे ओठ पाहिले आणि त्याच्या बोलण्यावरच आपलं भाषण सुरू केलं. कुणीतरी ओरडलं, "बहिरी हाय का काय!" सगळं थिएटर हसलं. बोलपटवाले उठून गेले.

आत आल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. "तू ठोका दिला व्हता ना?"

"तीनदा दिला," मी म्हटलं.

तुम्हाला वाटलं असेल, हीच माझी कबुली. नाही. एवढं तर मी कधीतरी कुणाला सांगूही शकले असते — राग आला, तोल गेला, चुकले. माणसं समजून घेतात. पुढचं समजून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला रिकाम्या थिएटरात घेऊन गेली. फळीवर उभी राहिली, नेहमीच्या जागी, आणि म्हणाली, "दे." तिची नजर माझ्या पायावर. मी नऊवारीचा घोळ सोडून उभी होते, काठ फळीला टेकत होता. मी गुडघा वाकवला, अंगाचा भार दिला, खांदासुद्धा हलवला — आणि टाच काठाआड बोटभर वरच थांबवली. फळीला लागू दिली नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "दे." मी पुन्हा तसंच केलं. पाच वेळा? सहा वेळा? माझा पाय खाली येताना ती डोळ्यांनी बघत होती आणि तळव्याला काही कळत नव्हतं. तिचं तोंड पांढरं पडत गेलं. राग नव्हता तेव्हा माझ्या मनात. मी अगदी नीट, सावधपणे करत होते, तालीम केल्यासारखं.

"कान गेले, आता पायबी गेले," ती म्हणाली आणि फळीवर बसली.

त्या संध्याकाळी मी तिच्या तळपायांना तिळाचं तेल चोळलं. हो, मीच. बिऱ्हाडात शहाबादी फरशी होती, तिच्यात कुणाचा ठोका उतरत नाही, म्हणून निभावलं. तिनं मालकांना स्वतःच सांगितलं, आता मला जमायचं नाही. मालकांनी एका शब्दानं थांब म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी येवल्याच्या मोटारीत बसवून दिलं आणि तिची कामं मला दिली. मी ती पुढं चार वर्षं केली. बरी केली. तिच्याइतकी नाही.

मोटार सुटल्यावर घरी परत येईपर्यंत माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. तिच्या घरात खाली माग होता.

वर्षानं मी येवल्याला गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. लाकडी जिना चढून माडीवर आले तेव्हा ती दाराकडे पाठ करून रेशीम गुंडाळत बसली होती. पाय फळीवर पसरलेले, अनवाणी. मी उंबऱ्यातच थबकले.

"ये, सुभे," ती मागं न बघता म्हणाली. "अजून उजवीच टाच जोरात टाकतीस."

मग ती वळली. रागावली नाही, रडली नाही. फक्त माझ्या ओठांकडे बघत थांबली. किती वेळ थांबली, ते मला माहीत आहे; तिचं थांबणं मोजायची सवय मलाच होती.

"यंदा ऊन फार आहे," मी म्हटलं.

"हाय," ती म्हणाली आणि पुन्हा रेशमाकडे वळली.