पांढऱ्या रांगोळीतलं वावर

"तू आंगण झाड. नकाशा आमी काढतो."

देवळासमोर, सगळ्यांदेखत, पाटलीणबाईंनी माझ्या हातात खराटा दिला. मीही मीटिंगलाच आले होते, धुतलेलं पातळ नेसून. पण आमच्या वस्तीची बाई देवळापाशी दिसली की गावाला खराटाच आठवतो. झाडलं मी. झाडताना स्वतःचाच राग येत होता.

वैनगंगेच्या खोऱ्यात कुठल्या जमिनीला किती पाणी द्यायचं, त्याचा आराखडा करायला साहेब आले होते. गावाचा नकाशा गावानंच रांगोळीनं काढायचा, म्हणाले. मला ताई म्हणाले. चहा सगळ्यांना सारख्याच कागदी कपात. मला तिथंच शंका आली. कागदी कप आल्यापासून आमचा कप वेगळा ठेवावा लागत नाही, प्यायला की फेकला. याला समता म्हणायचं असेल तर म्हणा.

पाटलांनी नकाशातल्या तलावात निळी रांगोळी ओतली. तलावाखालच्या आपल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं, हिरव्या केल्या, उन्हाळी धानासकट. निळा पाट तिथंच थांबवला. पुढं सगळं पांढरं. पांढरं म्हणजे पडीक, आणि पडीक जमिनीला पाण्याची पाळी नाही. त्या पांढऱ्यात माझं दीड एकर होतं. कालच्या कापणीचे भारे अजून वावरात पडले होते. पाऊस लवकर गेला की तलावाच्या पाण्यावरच आमचा धान तरतो.

साहेबांना सांगितलं. नंतर बघू, म्हणाले. यांचं नंतर मला ठाऊक आहे. त्यांनी फोटोसाठी मोबाइल काढला, माणसं हसत उभी राहिली.

मी सरळ गेले आणि पांढऱ्या रांगोळीत दोन्ही पाय ठेवून उभी राहिले.

"पाय काढ वं बाई, नकाशा पुसून राहिला," पाटील म्हणाले.

"माहं वावर काढा, मंग पाय काढीन."

पाटलीणबाई विटाळाचं काहीतरी पुटपुटल्या. साहेबांसमोर मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. शेवटी साहेबांनीच वाकून निळी रेघ माझ्या पायापर्यंत ओढली. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. फोटो अडला होता म्हणून ओढलेली रेघ ती, एवढं मला कळतं.

आता आराखडा ग्रामसभेत येईल. कागदावर माझं वावर दिसल्याशिवाय मी हात वर करणार नाही. आणि कागदावर असूनही पाणी वरच अडवलं, तर शेवटच्या बांध्यांच्या आम्ही बाया फावडी घेऊन वर जाऊ आणि दिवसाढवळ्या पाट फोडू.