इकोच्या बटणावरची टेप

शांतवन इंगळे गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी एका सेवानिवृत्ती समारंभात निवेदन करत होतो. निवृत्त होणारे मुख्याध्यापक आयुष्यात कधी वेळेवर शाळेत आले नव्हते आणि मी त्यांना शिस्तीचा हिमालय करून ठेवलं होतं. ऐन हिमालयावर खिशातला फोन थरथरला. मार्था वहिनींचा, म्हणजे शांतवनच्या बायकोचा. वाक्य अर्धवट सोडून मी विंगेत गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." बाहेर लोक अर्ध्या वाक्यालाच टाळ्या देत होते... आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हा माणूस जाता जाताही माझं रंगात आलेलं वाक्य तोडून गेला. त्याला आता महिना होऊन गेलाय. माझा राग काही उतरलेला नाही.

आम्ही जळगाव जामोदला शाळेत एका बाकावर होतो. मी पुढे मराठीचा मास्तर झालो आणि नाटकं बसवू लागलो. शांतवनने साउंड सर्व्हिस काढली. लग्नं, कीर्तनं, प्रचारसभा, शाळांची गॅदरिंगं, सगळीकडे त्याचेच कर्णे. शिवाय गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा तो वडील होता, म्हणजे पाळक येणार नसले त्या रविवारी उपदेश करायचा. पुढाऱ्याला मागेल तेवढा इको द्यायचा. नगरसेवक 'बंधूंनो' म्हणाला की ते सातपुड्याला धडकून परत यायचं. पण चर्चसाठी त्याचा एक लहान मिक्सर वेगळा होता आणि त्यावरच्या इकोच्या बटणावर त्याने काळी टेप चिकटवली होती. शुभवर्तमान वाचताना आवाज जसा आहे तसाच जायला पाहिजे, हा त्याचा हट्ट. मी म्हणायचो, "अबे, थोडा घुमू दे, देवाचं आहे म्हणून वाटलं तरी पाहिजे." तो म्हणायचा, "वाटाचं कायले? हायेच."

अशा माणसाबरोबर नाटक करणं म्हणजे काय छळ असतो, ते मला विचारा. चर्चमधलं नाताळचं नाटक दरवर्षी मीच बसवायचो, कारण गावात तेवढा मोठा आवाज दुसऱ्या कोणाला नव्हता. त्यात मी स्वतःसाठी एक भूमिका लिहिली होती, लॉजमालकाची. मरिया आणि योसेफ दारात उभे, आणि मी कमरेला टॉवेल, कानावर बिडी, ओरडतोय, "जागा नाही म्हटलं ना बे, आज बाजाराचा दिवस हाये!" लोक हसून लोळायचे. दुसऱ्या वर्षी शांतवनने ती भूमिकाच कापली. म्हणाला, उतरायला जागा नव्हती एवढंच शुभवर्तमानात आहे, मालक कुठेच नाही. मी चिडून विचारलं, मग नाटकात काय दाखवायचं, भिंत? तो शांतपणे वायर गुंडाळत म्हणाला, "गज्या, मागच्या वर्षी लोक घरी गेले आन आठवडाभर लॉजवाल्याच्याच गोष्टी करत राह्यले. लेकराचं नाव कोणी घेतलं नाही." त्या वर्षी मी मेंढपाळ झालो. एकही वाक्य नसलेला. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वांत काळा नाताळ.

पण ही सगळी गंमत. खरा संताप आला तो गेल्या वर्षी. शांतवनला फुप्फुसांचा आजार झाला होता, चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हाच बाजाराच्या मैदानात एका बाहेरगावच्या मोठ्या उपदेशकांची तीन दिवसांची प्रार्थनासभा होती. साउंड अर्थातच शांतवनचा. त्यांना इको हवा होता आणि मोठ्या सेटवर तो त्याने दिला. तिसऱ्या दिवशी वहिनींनीच त्यांना नवऱ्याच्या आजाराचं सांगितलं. त्यांनी त्याला मिक्सरजवळून उठवून स्टेजवर नेलं, डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि जाहीर केलं की हा भाऊ या क्षणी बरा झाला आहे. मग माइक त्याच्या तोंडासमोर धरला. साक्ष दे म्हणाले. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायची ती रीत; मला ती फार आवडते, कारण तो माझाच प्रांत. वहिनी हात जोडून उभ्या. पुढच्या सतरंजीवर एक बाई पाय लुळे झालेल्या लेकराला मांडीवर घेऊन त्याच्याकडे टक लावून बसलेली. आणि हा शहाणा माइकमध्ये म्हणाला, "प्रार्थना केली त्याबद्दल आभारी हाये. येशू माह्यासंगं हाये, हे मी रोज पाह्यतो. दम अजून लागतेच." आणि धापा टाकत जिना उतरून परत मिक्सरवर जाऊन बसला.

वहिनी त्या रात्री त्याच्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भरपूर बोललो. म्हटलं, एक वाक्य बोलला असतास तर काय बिघडलं असतं, बायकोला चार दिवस सुखाची झोप लागली असती, सगळं मैदान नाचलं असतं. तो स्टूलवर बसून श्वास जमवत राहिला. मग म्हणाला, "ते लेकरू घेऊन बसली व्हती ना, ती बाई पाह्यली तू? येशू बरं करते, हे शुभवर्तमानात हाये. पण सगळ्यायले आन आजच करते, हे कुठं हाये? दुखण्यात सोडणार नाही, असं हाये. मी त्याच्या नावावर माह्या मनचं वचन देलं आन उद्या मेलो, तं ती म्हणन देव खोटा निघाला. खोटा मी, आन नाव त्याचं."

मी म्हटलं, "मग तिला तू दिलंस काय?"

"तेच तं लागून राह्यलं मनाले," म्हणाला.

शेवटची भेट अकोल्याच्या दवाखान्यात. नाकात नळी. मी सवयीप्रमाणे वातावरण हलकं करायला विचारलं, "काय बे, काही दिसून राह्यलं का? उजेड, देवदूत?"

"पंखा दिसून राह्यला," तो म्हणाला. "बंद हाये."

मग मी नाटक सोडून विचारलं, भीती वाटते का. "हाव, वाटते," म्हणाला. "पण एकटा नाही मी, एवढं ठाऊक हाये." थोड्या वेळाने डोळे न उघडताच पुढे म्हणाला, "कोणाले सांगशील तं एवढंच सांगजो. मसाला टाकू नको."

पण मसाला टाकायला दुसरे होते. तो जाताच लोक म्हणू लागले, विश्वास कमी पडला, स्टेजवर आशीर्वाद नाकारला, म्हणून गेला. वहिनींच्या कानावर ते रोज पडत होतं. स्मरणसभेच्या आधी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊजी, त्या दिवशी ते बरे झालेच व्हते, असं सांगजा. मंग दुसरंच काही झालं, म्हणा. तुम्हाले येते सांगता." येतं की... मला दहा मिनिटांत असं काही उभं करता आलं असतं, की निंदा करणारेच हुंदके देत बाहेर पडले असते. वहिनींसाठी मी हिमालय नाही, सातपुडासुद्धा उचलून आणला असता.

स्मरणसभेत उभा राहिलो. समोर त्याचाच लहान मिक्सर, बटणावर काळी टेप. माझा आवाज जसा आहे तसाच भिंतीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मी म्हणालो, शांतवन त्या दिवशी बरा झाला नव्हता. तो येशूवर विश्वास ठेवत होता, आणि येशूने कधी न दिलेलं वचन त्याच्या नावावर खपवायला तयार नव्हता. शेवटी त्याला भीती वाटत होती आणि आपण एकटे नाही हे त्याला ठाऊक होतं. झालं. एवढंच. ना हुंदका, ना हशा. उभ्या आयुष्यात माझा असा प्रयोग पडला नव्हता.

नंतर वहिनींनी चहा आणून दिला. कप हातात देताना माझ्याकडे पाहिलंही नाही. "तेही असंच बोलले असते," म्हणाल्या. "म्हणून तं राग येते."

पुढे मोठा सेट त्यांनी पुतण्याला दिला आणि लहान मिक्सर आमच्या शाळेला. परवा शाळेत एक साहेब भाषणाला आले होते. घसा साफ करत मला म्हणाले, मास्तर, जरा इको वाढवा. टेप जुनी आहे, नखाने निघेल अशी. मी अदबीने वाकून म्हणालो, "साहेब, बटण बिघडलंय."

आणि लगेच मिक्सरमागच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. तो तिथे असता तर सगळ्यांसमोर म्हणाला असता, "बिघडलं नाही साहेब. बटण चांगलं हाये. मी टेप लावली हाये."