वस्ती नाही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, म्हसावदला माझ्या आईला माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगायचा धीर होतोय — की म्हणूनच सोपं वाटतंय? असो.

मी आरोग्य कार्डाच्या कामावर होते. कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. घरोघर जायचं, रेशनकार्ड बघायचं, अंगठे घ्यायचे, टॅबवर माहिती भरायची. त्यावरून घराला कार्ड मिळायचं, आणि कार्ड असलं की मोठं ऑपरेशनसुद्धा फुकट. मला हे काम आवडायचं. हे सांगून मी स्वतःला चांगलं दाखवतेय का? पण खरंच आवडायचं.

मग नर्मदेकाठचे पाडे माझ्याकडे आले. तिकडे रस्ता नाही, बोटीनं जावं लागतं. बोट चालवणारा रुपज्या तिथलाच. धरणाच्या पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले — पानं नाहीत, पक्षी नाहीत. एका जागी त्यानं इंजिन बंद केलं आणि हात खाली दाखवला. "इथं आमचं घर. चूल पण असेल." मी वाकून पाहिलं. काळंहिरवं पाणी, दुसरं काही दिसलं नाही. पण त्यानंतर पायाखालच्या फळीला कोणीतरी खालून हात लावून बसलंय, असं वाटत राहिलं. मला पोहता येत नाही.

शेवटचा पाडा दुपारी तीनच्या सुमारास आला. पाणी चढलं तेव्हा ही माणसं टेकडीवर जाऊन राहिली होती. माझ्या टॅबच्या नकाशात मात्र पाडा अजून जुन्याच जागी होता — पाण्यात. वारा सुटला होता, बोट हेलकावे खात होती. मी वर पाहिलं, आणि ते उभे होते.

पूर्ण उतारभर. धुतलेले कपडे घालून, पोरं कडेवर घेऊन. रुपज्यानं आधीच निरोप दिला होता, कार्डवाली बाई येणार म्हणून. कोणी हाक मारली नाही. एवढी माणसं आणि एक आवाज नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मग पुढच्या बाईनं हात वर केला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. मग तिच्या मागच्यांनी केला, मग सगळ्यांनी. पिशव्या उन्हात चमकत होत्या, आणि तोंडं मला दिसत नव्हती.

"बाई, तू उतरत नाय?" रुपज्यानं विचारलं.

"पुढच्या वेळी," मी म्हणाले. "बोट फिरव."

मागे वळून पाहिलं तेव्हा हात तसेच वर होते.

भीती वाटली म्हणून परत आले, एवढंच असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात, कोरड्या जमिनीवर, पंख्याखाली बसून — तिथे कसली भीती होती? काम पूर्ण दाखवायचं तर त्या पाड्यापुढे काहीतरी भरणं भाग होतं. मी भरलं: पाडा पाण्याखाली, वस्ती नाही. हिरवी खूण आली. माझी ऑर्डर वाढली.

पुढच्या वर्षी मला शहरातल्या एका दवाखान्यात, योजनेच्या टेबलावर बसवलं. तिथे एक माणूस आला — खेमा. सोबत सतरा वर्षांची मुलगी, रमिला. ओठ जांभळे, दोन पावलं चालली की थांबायची. हृदयाची झडप खराब झालेली, ऑपरेशन लागणार होतं. कार्ड नव्हतं. मी गावाचं नाव विचारलं, पाडा विचारला. त्यानं सांगितला.

"आम्ही खाली आलो होतो," तो तुटक मराठीत म्हणाला. "बोट आली. मागं गेली. आत एक बाई होती."

आणि माझ्याकडे बघत राहिला. ओळखलं होतं का त्यानं? अजून मला कळलेलं नाही.

आमच्या योजनेचे साहेब तिथेच उभे होते. चांगला माणूस. म्हणाले, "हा पाडा यादीत नाही. तिकडचं काम तुम्हीच केलंत ना? तिथे लोक राहतात का? राहत असतील तर मी आत्ता पत्र देतो, ऑपरेशन थांबणार नाही."

एक शब्द पुरला असता. 'हो.' पण मग पुढचा प्रश्न आला असता, आणि माझी नोकरी—

"नाही सर," मी म्हणाले. "तिथे वस्ती नाही."

दोन हातांच्या अंतरावर बाप उभा होता, बाकावर मुलगी बसली होती, तिच्या श्वासाचा आवाज टेबलापर्यंत येत होता. त्या दोघांसमोर मी म्हणाले, की तिथे कोणी नाही. साहेबांनी मान हलवली, खेमाला राहत्या जागेचे कागद आणायला सांगितले आणि गेले. खेमाला आमचं बोलणं किती समजलं कोण जाणे. मी संगणकाकडे बघत होते. मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता.

नंतर दुसरं पथक तिकडे गेलं. टेकडीवर घरं निघाली, सगळ्यांना कार्डं मिळाली. साहेबांनी मला विचारलं. "नंतर येऊन राहिले असतील," मी म्हणाले. त्यांनी मानलं.

गेल्या महिन्यात खेमा आला होता, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आता कार्ड होतं. मी कागद केले, सही कुठे करायची ते दाखवलं. मुलीबद्दल मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.

"पोरगी होळीच्या आधी गेली." मग पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "घरचा आमचूर. तू काम करून दिलं, बाई."

मी घेतला.

घरी वरणात घातला. सासू म्हणाली, "आमचूर भारी शे. कोनी दिना?"

"एका पेशंटनं," मी म्हणाले.

सगळे पोटभर जेवले. मीही जेवले. पुडी अजून संपलेली नाही.