हजेरी पूर्ण होती

मानवतजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी हजेरी घेतो. बाकीची वीस कामंही करतो. भूकंपाचे हादरे अधूनमधून जाणवायला लागले तेव्हा मालकांनी आपत्तीचं नियोजनही माझ्याच गळ्यात घातलं. कोणी कुठल्या दारातून निघायचं, वजनकाट्याजवळच्या मोकळ्या जागेत कसं उभं राहायचं, मस्टर कोणी वाचायचं, सगळं लिहून मी भिंतीवर लावलं. बॅटरीवर चालणारा कर्णाही विकत आणला. सरावाच्या दिवशी चाळीस बाया आणि बारा गडी तीन मिनिटांत मोजून झाले. मी इतका फुगलो की घरी जाऊन बायकोलाही ती योजना वाचून दाखवली. तिने भाजी निवडता निवडता ऐकली.

एक गोष्ट मात्र मी त्या कागदावर लिहिली नव्हती. बाया आसपासच्या गावांतून टमटमने यायच्या. एखादीला उशीर झाला की दुसरीच तिच्या नावाला ‘हजर’ म्हणायची आणि ती पाच-दहा मिनिटांत येऊन कामाला लागायची. मला हे माहीत होतं. माझी मान मस्टरमध्ये, आवाज आला की खूण करायची. खाडा मांडला की रडारड, मग मुकादमाशी वाद, कोण डोकं लावतो? मी त्याला चांगुलपणा समजायचो. तो माझा आळस होता.

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आधी जमिनीतून घुमल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ फरशी हलली. माझ्या टेबलावरचा चहा बशीत सांडला. वीज गेली, मशिनी थांबल्या. मी हाताने फिरवायचा भोंगा वाजवला आणि बाया खरंच ठरलेल्या दारांनी बाहेर आल्या. कुणी ढकललं नाही, कुणी पडलं नाही. आत कुठेतरी मी खूश होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

कर्ण्यावरून मस्टर वाचलं. बावन्न नावं, बावन्न वेळा हजर. मालकांचा फोन आला. सगळे बाहेर आहेत का, त्यांनी विचारलं. सगळे, मी म्हणालो. पुन्हा हादरा बसू शकतो, तेव्हा इंजिनिअर येऊन बघेपर्यंत कुणालाही आत सोडू नका, असं त्यांनी बजावलं. मी गड्यांना सगळी दारं लावायला सांगितली.

दारं लागली तशी घोळक्यातून एक बाई पुढे आली. पदराचं टोक तिने दातात धरलं होतं.

“साहेब, माझी जाऊ दिसंना झालीय,” ती म्हणाली. “तिच्या नावाला मीच हजर म्हणले. तोंडाला सवय पडलीय वो. मला वाटलं मागं उभी आसंल.”

तिची जाऊ कुठे आहे हे मला ठाऊक होतं. सव्वादहाला मीच तिला सरकीच्या गोदामात झाडायला पाठवलं होतं.

मी दार उघडून गोदामाकडे पळालो. कुणाला आत सोडायचं नाही म्हणून दारं मीच लावून घेतलेली, तो हुकूम मोडायला मला क्षणही लागला नाही. गोदामात भिंतीला लावलेला सरकीचा डोंगर दारापर्यंत घसरून आला होता. एका कोपऱ्यात तिचा हात तेवढा दिसत होता, कोपरापासून वर. मी हातांनी उपसायला लागलो. जितकी काढावी तितकी सरकी वरून खाली येत होती. मला रडू फुटलं.

मागोमाग बाया आल्याच होत्या. त्यांनी मला बाजूला सारलं. दोघींनी पत्रा ओढत आणून ढिगात आडवा रोवला, म्हणजे वरची सरकी थांबली. मग घमेल्यांची रांग लागली. पत्र्यावर सरकी सळसळत होती आणि प्रत्येकीचे डोळे मधूनमधून छताकडे जात होते. आधी केस दिसले, मग कपाळ. जावेने तिच्या तोंडातली सरकी बोटाने काढली. बराच वेळ काही झालं नाही. मग ती खोकली.

बाहेर वजनकाट्यापाशी तिला निजवलं. पाय सुजला होता, श्वास मात्र नीट चालू होता. दवाखान्यात न्यायला गाडी येत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की तुला गोदामात मीच पाठवलं आणि मीच विसरलो. मालकांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगणार होतो. ती रागावेल, निदान रडेल, असं वाटलं. तिने फक्त जावेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तवा सरकी छातीपतूरच होती. कर्ण्यावर माझं नाव घेतलेलं आत आयकू आलं, साहेब,” ती म्हणाली. “म्या ओ द्यायलेच होते, तवर कुणीतरी हजर म्हणलं. मग म्या वरडायचं सोडलं. म्हणलं, आता आपल्याला हुडकायला कोन येतंय.”