पाहुण्याला अडवायला शिकवणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई टेंबे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख हवा, असा संपादक मंडळींचा निरोप आला. सोबत एक सूचनाही होती, की लेख भारदस्त असावा. मी मूळची साताऱ्याची, त्यातून फौजी माणसाची बायको. भारदस्तपणा माझ्या वाट्याला बेताचाच आलाय. तरीही ताईंविषयी लिहायचं म्हणून जिभेला आवर घालते. जिथे ती सुटेल तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझी आणि ताईंची पहिली ओळख झाली ती एका भांडणात. यजमानांची बदली झाँसीजवळच्या बबीन्याला, लष्करी छावणीत झाली होती आणि मी घराच्या सामानासाठी झाँसीच्या सदर बाजारात आले होते. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पांढऱ्या केसांच्या, खादीच्या साडीतल्या एक बाई दुकानदाराला धारेवर धरून उभ्या होत्या. तो त्यांना मोठा स्पीकर दाखवत होता आणि शाळांसाठी सगळे हाच नेतात, असं पुन्हा पुन्हा सांगत होता. बाईंना स्पीकर नकोच होता. त्यांना चांगला माइक हवा होता. पाहुण्यांचा आवाज मुलांना कसाही ऐकू येईल, मुलांचा आवाज पाहुण्यांपर्यंत गेला पाहिजे, असं त्या अस्खलित हिंदीत त्याला समजावत होत्या. मी मागून स्वतःशीच पुटपुटले, "बाई बोलतायत ते खरंय." बाई गर्रकन वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आपल्यातल्या का हो?" पाच मिनिटांत मी त्यांच्याबरोबर चहा पीत होते आणि त्यांचा माइक माझ्या पिशवीत होता. तो चहा इतका गोड होता की अजून आठवतो. ताईंच्या चहात साखर विरघळत नाही, ती मुक्कामाला असते.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. ताईंचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून इथे कारभाराच्या निमित्ताने आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत आमच्या पणजीच्या तोंडचे शब्द सापडतात आणि त्याच वाक्यात "मला पत्ता नाही जी" असंही येतं. मी हसले की म्हणतात, "हस, हस. तुम्ही लोक मराठी तिथे विसरलात, आम्ही इथे सांभाळली." त्यांनी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. ताईंनी मराठी मंडळाची मागची खोली मागून घेतली, तिथे एक स्क्रीन आणि कॅमेरा बसवला आणि झाँसी जिल्ह्यातल्या मऊरानीपुरच्या पलीकडच्या गावांतल्या शाळांना व्हिडिओ कॉन्फरन्सने जोडून घ्यायला सुरुवात केली. एका टोकाला गावातला वर्ग, दुसऱ्या टोकाला देशातला कुठलाही जाणकार माणूस, आणि मध्ये ताई. मुलं त्याला "टीवी वाली क्लास" म्हणायची. त्या शब्दाचा ताईंना भारी राग. टीव्हीला उलट प्रश्न विचारता येतो का, असं त्या विचारायच्या. यंत्रं, तारा, जोडणी हे सगळं माझ्या गळ्यात पडलं, आणि मीही ते पडू दिलं.

पहिल्या काही तासांतच ताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. पाहुण्यांनी "समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "जी, समझ में आ गया" म्हणायचा. काहीही विचारा, समजलेलंच असायचं. मला वाटलं, पोरं हुशार आहेत. ताई म्हणाल्या, हुशार आहेत, पण ही हुशारी नव्हे, हे संस्कार आहेत. बुंदेलखंडातल्या घरात दारी आलेल्या पाहुण्याला कुणी तोंडावर "नाही" म्हणत नाही. त्याने सांगितलेलं कळलं नाही असं म्हणणं म्हणजे त्याला कमी लेखणं. ताईंना हे संस्कार मोडायचे नव्हते. त्यांनी त्यातूनच वाट काढली. प्रत्येक तासाला एका मुलाची 'रोकने की बारी' ठरवली, म्हणजे अडवायची पाळी. ज्याची पाळी असेल त्याने पाहुण्यांना निदान एकदा तरी मध्येच थांबवायचंच. ते त्याचं नेमून दिलेलं काम. काम म्हणून अडवलं की कुणाचा अपमान होत नाही, आणि कामचुकारपणा तर कुणालाच आवडत नाही. पुढे पुढे पाळी नसलेली मुलंही मध्ये तोंड घालायला लागली. एका मोठ्या डॉक्टरांना एका पोराने इतकं अडवलं की ते जेमतेम नाकापासून घशापर्यंत पोचले. ताई त्या दिवशी भलत्याच खूश होत्या.

ताई मायाळू आहेत का, असं कुणी विचारलं तर मी चटकन हो म्हणणार नाही. वेळेला पाच मिनिटं उशीर झाला तर त्या असं बघतात की माणसाने परत घरी जावं. पण यजमान सरहद्दीवर गेले आणि बरेच दिवस त्यांचा फोन आला नाही, तेव्हा ताई बसने बबीन्याला आल्या. बाकी सगळे मला "काळजी करू नका" म्हणत होते आणि त्याने मला आणखीच रडू येत होतं. ताई तसं काही बोलल्या नाहीत. यजमान कुठे आहेत ते मी कुणाला सांगायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, तू काही सांगू नकोस, मीच अंदाजाने सांगते. मग त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून तिकडच्या डोंगरांविषयी, बर्फ केव्हा पडतो आणि केव्हा रस्ते मोकळे होतात याविषयी, तिथल्या नद्यांविषयी, लोक काय पिकवतात याविषयी संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. रात्री मला किती दिवसांनी झोप लागली. माणूस ज्या जागेत आहे ती जागा ओळखीची झाली की भीतीचा अर्धा जोर जातो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत, ते इथे मानते.

आता ज्या दिवसासाठी मी हा लेख लिहायला बसले तो दिवस सांगते. मऊरानीपुरच्या पलीकडच्या त्या शाळेतली व्हिडिओची खोली आणि जोडणी पुढे ठेवायची की काढून घ्यायची, हे ठरायचं होतं. खोली गोदामासाठी हवी होती आणि काही लोकांच्या मते हे सगळं शोभेचं होतं. शिक्षण खात्याचे एक अधिकारी झाँसीत मंडळाच्या आमच्या खोलीत बसून एक तास बघणार आणि मग निर्णय देणार होते. ताईंनी सगळ्यांत आधी ज्या शाळेला जोडून घेतलं ती हीच. ती गेली असती तर बाकीच्याही एकेक करून गेल्या असत्या. ताई वरवर शांत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या चहात साखरच घातली नाही, यावरून काय ते समजा.

पाहुणे होते कोकणातल्या एका खाडीकाठी राहून समुद्राचा अभ्यास करणारे एक संशोधक. वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. तिकडे शाळेत हेडमास्तर तिवारी मास्साब मुलांना रांगेत बसवून उभे होते. संशोधकांनी नमस्कार केला, आवाज येतोय का विचारलं, आणि नेमकी जोडणी अडकली. स्क्रीनवर त्यांचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला. मी तारा हलवल्या, चेहरा परत हलायला लागला, आणि तिकडून रोशनी नावाची आठवीतली मुलगी ताडकन उठून म्हणाली, "सर, रुकिए. ज्वार-भाटे वाली बात समझ में नहीं आई."

संशोधकांनी भरती-ओहोटीचा उच्चारही केला नव्हता. ते बिचारे म्हणाले, मी अजून काही सांगितलंच नाही. तोवर दुसरा मुलगा उठला आणि समुद्राचं पाणी खारट का, ते कळलं नाही म्हणाला. तिसरी उठली, तिला लाटा कळल्या नव्हत्या. मग सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिवारी मास्साबांनी अडवण्याचीच तालीम घेतली होती. न समजल्याचं पाठ करून घेतलं होतं. जोडणी अडकली तेव्हा त्यांना वाटलं पाहुण्यांचं बोलणं झालं, आणि त्यांनी मुलांना खूण केली. ताईंना मुलांनी अडवलेलं आवडतं, ताईंची खोली वाचवायची आहे, तर मग अडवण्यात कसूर नको, एवढाच त्यांचा सरळ विचार. इतक्या प्रेमाने इतका घोळ घातलेला मी दुसरा पाहिला नाही.

अधिकारी मात्र खुशीत होते. ते ताईंकडे झुकून म्हणाले की मुलं छान तयार आहेत, आम्हाला हेच बघायचं होतं. म्हणजे काम फत्ते झालं होतं. ताईंनी नुसती मान हलवली असती तरी खोली वाचली असती. मी मनात म्हणत होते, ताई, आता गप्प बसा, देवाच्या कृपेने सुटतोय आपण.

ताई उठल्या. आधी अधिकाऱ्यांना हात जोडून म्हणाल्या की हे सगळं पाठ केलेलं आहे, तुम्ही यावरून काही ठरवू नका. मग कॅमेऱ्यासमोर जाऊन मुलांना म्हणाल्या, "बेटा, ये सब आप लोगों ने मेरे लिए याद किया, मुझे मालूम है. बहुत मेहनत की. अब इसको भूल जाइए." आणि संशोधकांना विनंती केली की दाखवायला आणलेली चित्रं बाजूला ठेवा, तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते नुसतं दाखवा. तिकडे तिवारी मास्साबांची मान खाली गेलेली मला स्क्रीनवर दिसली.

संशोधक लॅपटॉप उचलून बाहेर ओसरीवर आले. ओहोटी लागलेली होती. खाडी रिकामी, सगळीकडे चिखल आणि त्या चिखलात कलंडलेल्या होड्या. ते इतकंच म्हणाले की सकाळी इथे पाणी होतं, आता उतरलंय, संध्याकाळी परत येईल. मग ते थांबले. तिकडे वर्गही गप्प. एक मूल हललं नाही. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मला ती शांतता सहन होईना, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ताईंनी माझा दंड असा काही दाबला की मी तोंड मिटलं. गप्प बसणं हे किती अवघड काम आहे ते मी त्या वेळी पाहिलं. सगळं पणाला लागलेलं असताना ताई त्या मुलांना विचार करायला वेळ देत होत्या.

शेवटी रोशनी उठली. या वेळी ताडकन नाही, बसल्या जागेवरून हळूच, आणि पाठ केलेल्या हिंदीत नाही, घरच्या बुंदेलीत. "सर, तुमाए इतै सें पानी उतर गओ, तो अब कौन के इतै चढ़ो है?"

तुमच्याकडचं पाणी उतरलं, तर आता ते कुणाकडे चढलंय? ताईंनी संशोधकांना अर्थ सांगितला. ते इतके हसले की त्यांच्या हातातला लॅपटॉप हलायला लागला आणि आमच्या स्क्रीनवर अख्खी खाडी डोलायला लागली. म्हणाले, इतकी वर्षं या ओसरीवर बसतोय, पाणी इथून का गेलं एवढंच सगळे विचारतात, कुणाकडे गेलं हे कुणी विचारलं नाही. मग चंद्र आला, पृथ्वी आली, समुद्रापलीकडचे किनारे आले. एक मुलगा म्हणाला की म्हणजे इथल्या होड्या चिखलात असतात तेव्हा कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या तरंगत असतात. एका पोरीने संशोधकांना बजावलं की सर, इतक्या घाईने सांगू नका. ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली. अधिकाऱ्यांचा चहा साय धरून गार झाला आणि ते खुर्ची पुढे ओढून बसले होते.

निर्णय काय तो नंतर कळवतो, असं म्हणून ते गेले. ते गेल्यावर ताईंनी पहिलं काम केलं ते तिवारी मास्साबांना फोन लावायचं. मला वाटलं, आता झाडणार. ताई त्यांना म्हणाल्या की तुम्ही माझ्यासाठी केलंत, माझा राग नाही, आणि आजचा प्रश्न तुमच्याच वर्गातून आलाय, त्याचं श्रेय तुमचं. मास्साब म्हणाले, "बहनजी, श्रेय कैसा? बीस साल से पढ़ा रहा हूँ, मुझसे तो किसी ने ऐसा कुछ नहीं पूछा. कल से मेरी क्लास में भी बारी लगेगी. मुझे रोकने की."

ताईंनी फोन ठेवला. डोळे पुसायला पदर शोधत होत्या, तो त्यांना सापडत नव्हता. मी माझा पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "निर्मला, आता खोली काढून घेतली तरी चालेल."

खोली काढून घेतली नाही. महिन्याभरात तसा निरोप आला, आणि आणखी काही शाळा जोडून देता का, अशी विचारणाही आली. रोशनी आता मऊरानीपुरला अकरावीत शिकते आणि तिथल्या मास्तरांना पुरेसा त्रास देते, असं ऐकते.

अमृतमहोत्सवाला शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. मला ती अपुरी वाटते. या मुलखातल्या प्रत्येक वर्गात, स्क्रीन असो वा नसो, पोरं उठून मास्तरांना बेधडक अडवायला लागली की ताईंनी खुशाल विश्रांती घ्यावी, त्याआधी मुळीच नाही. माझ्या अंदाजाने त्याला अजून पुष्कळ वर्षं लागतील. तेवढी सगळी त्यांना लाभोत, धडधाकट.