पाय लागला म्हणून

दोहा शहरातल्या आयरिश लोकांच्या क्लबात मी गेलो, तो त्यांना माणसं कमी पडत होती म्हणून. कॉलेजातल्या मित्राने विचारलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे तिथे कुणाला नाही म्हणणं मला जमत नसे. त्यांच्या गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरतात, पायानेही मारतात. आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. एवढं अंगवळणी पडायला निम्मा हिवाळा गेला. तरी मी बचावफळीत टिकलो. उपांत्य सामन्याला पप्पा पहिल्यांदाच बघायला आले, एसी दुरुस्तीच्या ड्युटीवरून सरळ, गणवेशातच.

जिंकलो तर क्लब कित्येक वर्षांनी अंतिम फेरीत जाणार होता. सामना संपत आला होता आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. माझं काम एकच, त्यांच्या सगळ्यात उंच खेळाडूला सोडायचं नाही. चेंडूसाठी आम्ही दोघांनी एकदम उडी मारली. तो पडला आणि माझा बूट त्याच्या खांद्याला लागला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. खरंच नाही. मी वाकलो, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात छातीशी नेला. कुणाला पाय लागला की लहानपणापासून तेच करत आलोय. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग उठला, बाजूला पडलेला चेंडू बुटाच्या टोकाने उचलला आणि जाळीत मारला. माझा हात अजून छातीवरच होता.

थोड्या वेळात शिट्टी वाजली. आम्ही हरलो होतो.

"त्याचा आशीर्वाद घेत होतास का?" आमच्या गोलकीपरने इंग्रजीत विचारलं. कुणीतरी हसलं. कॅप्टन हसला नाही.

"काय होतं ते?" तो म्हणाला.

इंग्रजीत वाक्य जुळेना. मी फक्त सॉरी म्हटलं.

पप्पांना तरी कळेल, असं वाटलं होतं. गाडीत बसताच ते म्हणाले, "अरे, मॅचमध्ये कोण पाया पडतं? खलास केलंस सगळं!"

"पाया नाही पडलो. पाय लागला होता."

"मग? ते काय देवघर आहे?"

"तुम्हीच शिकवलंत ना."

"घरात वागायला शिकवलं!"

मी सुन्न झालो. गोल झाला तेव्हाही इतका झालो नव्हतो. ही गोष्ट फक्त घरापुरती आहे, असं मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

अल मन्सूरात आमच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली. मागच्या सीटवरून डबा काढताना पप्पांचा बूट खाली ठेवलेल्या माझ्या कॉलेजच्या बॅगेला लागला. ते वाकले, बॅगेला हात लावला, हात कपाळाकडे नेला आणि मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं.

"मंगळवारी सरावाला जाणारेस ना?"

"बोलावलं तर," मी म्हणालो.